गब्बा मागे येईना

(नॉर्वेच्या उत्तरेला, फिनमार्कच्या पठारावर, रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचं गाव. तळ्याकाठी शेजारच्या योव्नाचं गॅरेज. एप्रिलमधली सकाळ. दार सताड उघडं, दारात नुकतीच येऊन थांबलेली स्नोमोबाइल. बाकावर गारेनचा नवरा इसात, ऑपरेशन झालेला गुडघा खोक्यावर ताणून.)

गारेन: झेप घेईल म्हणाला होतास ना? घेतली. तेव्हा मी सीटवर नव्हते, एवढंच.

योव्ना: वहिनी, मी सांगितलं होतं, हँडल घट्ट धरा म्हणून.

गारेन: धरलंच होतं. हात पुढे गेले, बाकीची मी मागून आले.

इसात: हॅ हॅ हॅ.

गारेन: तू हसू नकोस. टाके उसवतील.

इसात: टाके गुडघ्याला आहेत.

गारेन: तोंडालाही चार घालून घ्यायचे होते, डॉक्टरीण हाताशी होतीच.

योव्ना: ते राहू द्या. गाडी कशी वाटली ते सांगा. खरं सांगा हं. पूर्वी अंगठ्यानं ॲक्सिलरेटर दाबला की काय व्हायचं?

गारेन: पूर्वी अंगठा दाबला की ती विचार करायची. तुझ्या या दादासारखी. हाक मारली की आधी कॉफी संपवणार, मग मिशा पुसणार, मग म्हणणार, "काय गं?"

योव्ना: आणि आता?

गारेन: आता दाबायच्या आधीच निघते. मला आवडली बाबा. तळ्याच्या पार त्या टोकाला गेले ना, दातांत कळा आल्या थंडीनं, इतकं तोंड उघडं टाकून हसत होते.

योव्ना: मग झालं तर! दादा, ऐकलंस? क्लच म्हणजे माझा क्लच.

गारेन: झालं कसलं? गब्बा मागे येईना.

योव्ना: येईना म्हणजे?

गारेन: कळपाचा म्होरक्या, एवढा पांढराशुभ्र रेनडिअर, आणि उभा राहिला. मी पुढे गेले, हा उभाच. परत आले, पुन्हा हळू निघाले. हळू कुठली, ही हळू चालतच नाही, एक तर उभी नाहीतर उधळलेली. तर गब्बानं कान मागे टाकले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी सरकारी मोजणीला आले आहे. आणि मग बसला. बसला रे! चारी पाय दुमडून, रवंथ करत!

इसात: शहाणा आहे तो.

गारेन: बघ, कसा खूश झाला. योव्ना, तुझ्या दादाला मनातून हेच हवं होतं.

इसात: मी काही म्हटलं का?

गारेन: म्हणत नाहीस, तेच तर दुखणं आहे. परवा पहाटे कळप हलवायचा आहे. पुढे गब्बा चालला तर गाभण माद्या चालतात, माद्या चालल्या की सगळं पठार चालतं. गब्बा बसला की सगळे बसले. आणि नदीवरचं बर्फ काही आपल्यासाठी थांबणार नाही. एकदा ते फुटलं की माद्या या काठावर विणार, आणि कोल्हे-गरुडांची चंगळ.

योव्ना: आज संध्याकाळी ठरवणार ना सगळी घरं? पुढे कोण जाणार ते?

गारेन: ठरवणार कसलं, पलीकडच्या घरचा माहते टपून बसलाय. तुझ्या दादाचा गुडघा गेल्याचं कळलं त्याच दिवशी त्यानं बायकोला नवी टोपी शिवायला बसवलं. चार टोकांची. पुढे जाणाऱ्याला शोभेल अशी!

इसात: टोपी चांगली झालीय म्हणे.

गारेन: तू त्याच्या बाजूनं आहेस की माझ्या? एकदा का माहते पुढे गेला, की जन्मात मागे यायचा नाही. आणि लग्न झाल्या दिवसापासून मी कळपाच्या शेपटीला. मागून एकेक जनावर ओळखते मी, कुणाचं शेपूट कसं हलतं ते सांगते. यंदा मला पुढे जायचंय. हौस म्हण, हट्ट म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

योव्ना: वहिनी, चूक माझीच झाली. मी काय केलं, पुढच्या पुलीत कडक स्प्रिंग घातली आणि वजनं हलकी केली. आता या गाडीत गिअर बिअर काही नाही, दोन पुल्या आणि मध्ये एक बेल्ट. इंजिन फिरायला लागलं की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुली मिटते आणि बेल्टला चिमटीत धरते. बरोबर? स्प्रिंग कडक असली की ती म्हणते, "थांब, अजून फिर, अजून फिर." मग इंजिन पार किंचाळायला लागतं तेव्हा कुठे बेल्ट धरला जातो. आणि धरला की असा धरतो...

गारेन: ते माझ्या कमरेला विचार.

योव्ना: म्हणजे मी शर्यतीचा क्लच लावला. ईस्टरच्या शर्यतीत तळ्यावर लावतात ना, तसा. काय करू, क्लच उघडला की माझा हात आपसूक तिकडेच जातो.

इसात: म्हणून तुला कुणी कळपात घेत नाही.

योव्ना: आणि म्हणून सगळे गाड्या माझ्याकडे आणतात! तर मुद्दा असा की चालीच्या वेगानं जायचं तरी इंजिन किंचाळतंच. गब्बा बिचारा घाबरला असेल.

इसात: जुनं होतं तसं कर. सोपं काम.

गारेन: मुळीच नाही! जुनं होतं तसं केलं, तर एखादी मादी कळप सोडून उधळली की मी अंगठा दाबत बसणार आणि गाडी घुरघुरत बसणार. मागच्या वसंतात ती काळी टेकडीपार गेली, ती का गेली? तुझी गाडी विचार करत होती म्हणून.

इसात: ती काळी पहिल्यापासूनच तशी होती.

गारेन: योव्ना, गाडी हळू चालली पाहिजे आणि दाबली की तिनं लगेच ऐकलं पाहिजे. नवऱ्याकडून जमलं नाही, निदान गाडीकडून तरी जमू दे.

योव्ना: जमेल हो, जमेल. पण आधी मला एका गोष्टीचं उत्तर पाहिजे. काल क्लच उघडला तेव्हा आत काय सापडलं सांगू? रेनडिअरचे केस. ते ठीक आहे, या गावात कुठलाही क्लच उघडा, उशी भरेल एवढे केस निघतात. सुक्या मांसाचा एक तुकडाही सापडला.

इसात: कुठे ठेवलास?

योव्ना: कुत्र्यानं खाल्ला. पण वजनांच्या पिनांवर चरबी होती, दादा. चरबी! बोटानं थापलेली. क्लच कोरडा असतो. चरबी लावली की बेल्टची सगळी पूड तिथे चिकटते आणि वजनं जाग्यावर रुतून बसतात. गाडी विचार करणार नाही तर काय! आणि क्लचला तेल-चरबी लावायची नाही हे मला शिकवलं कुणी? तू!

गारेन: चरबी? चुलीजवळच्या डब्यातली? मला वाटलं ती कुत्र्यानं खाल्ली. मारलं ना मी त्याला!

इसात: किरकिरत होता.

गारेन: कोण, कुत्रा?

इसात: क्लच. हळू चालवलं की किरकिर करायचा.

गारेन: तुला किरकिर कधीपासून ऐकू यायला लागली? घराचं दार एवढं करकरतं की शेजारच्या खोऱ्यात कळतं कोण बाहेर पडलं. किती सांगितलं तुला, दाराला चरबी लाव म्हणून.

इसात: दाराचं वेगळं.

योव्ना: वेगळं काय त्यात?

इसात: कळपाला त्रास व्हायचा.

योव्ना: म्हणजे इंजिनाच्या धडधडीचा त्रास होत नाही, आणि किरकिरीचा होतो? जनावरं नाजूक झाली की तू?

इसात: कॉफी आहे का रे?

योव्ना: आहे. आत चीज घालू, नेहमीसारखं?

इसात: घाल. जास्त घाल.

गारेन: विषय बदलला की नाही बघ. सवयच आहे.

योव्ना: असू दे वहिनी. मला कळलं काय झालंय ते. गब्बाला जुन्या गाडीचा आवाज पाठ आहे. तो हळू, बसका, दादा चालवायचा तसा. मी आवाजच बदलून टाकला. आता असं करतो, जुनी स्प्रिंग आणि जुनी वजनं परत घालतो, पण चरबी पुसून. पिना लखलखीत. आवाज जुना, अंग नवं. जरा तो पाना द्या इकडे. तो नाही, लांब दांड्याचा. हं. दादा, तू जरा पाय आवर, पुली पडेल त्यावर.

गारेन: होईल ना?

योव्ना: कॉफी गार व्हायच्या आत. आणि हो, किरकिर कसली होती तेही सापडलं. मागच्या पुलीतला एक बुश, म्हणजे आतली रिंग, झिजला होता. तो बदलला की खलास. चरबीचं कामच नव्हतं, दादा.

इसात: मला कुठे माहीत होतं.

योव्ना: मला विचारायचंस की!

इसात: विचारलं असतं तर तू विचारलं असतंस, कशाला हवंय म्हणून.

योव्ना: म्हणजे? कशाला हवं होतं?

इसात: चीज संपलं का?

गारेन: याच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा गोठलेल्या भोकातून मासा काढणं सोपं. झालं का रे? दे इकडे गाडी. जाते. गब्बाला उठवते आणि तुम्हाला दाखवते.

योव्ना: सावकाश हं, वहिनी! अंगठा हळूच!

इसात: गेली?

योव्ना: गेली. बघ कशी शांत चाललीय. जुना आवाज, एकदम जुना. ये दारापाशी, माझ्या खांद्यावर हात टाक. गब्बा उठला बघ.

इसात: उठला?

योव्ना: उठला, उठला. कान पुढे केले. ओळखला आवाज! एक पाऊल... दोन पावलं... मी सांगत नव्हतो? काय उगीच... थांबला.

इसात: थांबला?

योव्ना: थांबला. इकडेतिकडे बघतोय. वहिनी परत वळल्या. पुन्हा निघाल्या. हा आपला उभाच. काहीतरी हुडकल्यासारखं करतोय. अरे, हा तर खाली मान घालून बर्फ खातोय! आवाज तोच, गाडी तीच, मग याला हवंय तरी काय?

इसात: हं.

योव्ना: दादा, तू हसत नाहीयेस.

इसात: यात हसण्यासारखं काय आहे?

योव्ना: मघाशी हसत होतास की. मला वाटलं होतं, वहिनींना जमलं नाही तर तुला बरं वाटेल.

इसात: येडा आहेस तू. मला वाटलं होतं, आवाजावर येईल तो. मनातल्या मनात मी देवाला सांगत होतो, आवाजावर येऊ दे. म्हणजे मला काही बोलायला नको.

योव्ना: काय बोलायला नको?

इसात: दार लाव.

योव्ना: दाराला बिजागरीच नाही धड, बोल तू.

इसात: पुढे असताना मी... घसा साफ करायचो.

योव्ना: घसा?

इसात: म्हणजे, गुणगुणायचो.

योव्ना: योइक? तू?

इसात: ओरडू नकोस!

योव्ना: तू योइक गायचास? दादा, चर्चमध्ये सगळे गातात तेव्हा तू नुसते ओठ हलवतोस! मी बघितलंय!

इसात: म्हणून तर. हळू चालवायचो, इंजिन एकदम खाली, म्हणजे मागून येणाऱ्या गब्बाला ऐकू जायचं. त्याच्या आधी त्याच्या आईला. क्लच किरकिरायला लागला तर सूर बिघडायचा. म्हणून चरबी. तुझ्या त्या शर्यतीच्या क्लचवर मी गळा फाडला असता तरी माझं मलाच ऐकू आलं नसतं. म्हणून म्हणत होतो, जुनं राहू दे.

योव्ना: आणि कुणाचं योइक? एकेकावर बांधलेलं गाणं ते, कुणाचं तरी असणारच. तुझ्या बापाचं? ते लांडग्यावरचं आहे ते?

इसात: नाही.

योव्ना: मग कुणाचं?

इसात: तिचं.

योव्ना: कुणाचं तिचं?

गारेन: माझं?

योव्ना: वहिनी! तुम्ही कधी आलात?

गारेन: इंजिन बंद करून चालत आले. गोठलेल्या तळ्यावर आवाज किती लांब जातो, हे दोन पुरुषांना एवढ्या वयात माहीत नसावं? इसात, माझं योइक?

इसात: गारेन, बस ना. कॉफी घे.

गारेन: मी बसणार नाही, कॉफी घेणार नाही. माझं योइक आहे? जगात आहे? कुणी बांधलं?

इसात: मी.

गारेन: कधी?

इसात: लग्नाच्या आधी.

गारेन: लग्नाच्या आधी! आणि लग्नात माझ्या तिन्ही बहिणींनी तुला घेरून विचारलं, नवऱ्या मुलानं बायकोचं योइक बांधलंय की नाही, तेव्हा काय म्हणालास? "मला गळा नाही." माझ्या बहिणी अजून ईस्टरला चिडवतात मला. थोरलीच्या नवऱ्यानं तिचं बांधलं, मधलीच्या नवऱ्यानं बांधलं, तो धाकटीचा नवरा तर नॉर्वेजियन, पोस्टात कामाला, त्यानंसुद्धा कसंबसं बांधलं. आणि गारेनचं? गारेनचं काही नाही. गारेनच्या नवऱ्याला गळा नाही.

इसात: नाहीच आहे गळा.

गारेन: गब्बाला चालतो!

इसात: गब्बा नंतर चारचौघांत नक्कल करत नाही.

योव्ना: मी बाहेर जाऊ का?

गारेन: तू बस. साक्षीदार पाहिजे मला. म्हणजे सगळ्या कळपाला माझं योइक पाठ, एवढ्या जनावरांना...

इसात: आकडा बोलू नकोस, कळपाचा आकडा घराबाहेर जाऊ नये. योव्ना आहे.

गारेन: आकडा गेला खड्ड्यात! एकूण एक जनावराला माझं गाणं माहीत आहे, त्यांच्या आयांना माहीत होतं, आणि मला नाही! का नाही ऐकवलंस? नीट सांग. हं-हं करून नाही, तोंड उघडून.

इसात: तुझ्या बापासमोर गायचं ठरवलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी. तुझा बाप म्हणजे... तो गायला लागला की माणसं चुली विझवून ऐकायला यायची. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि माझी जीभ टाळूला चिकटली. मग म्हटलं, लग्नानंतर एकटीला ऐकवू. मग मुलं झाली. मग वाटलं, आता गायलो तर ही विचारणार, इतके दिवस कुठे होतं? जेवढा उशीर होत गेला तेवढी लाज वाढत गेली. पुढे एकटा असायचो तेव्हा कुणी ऐकणारं नसायचं. तू शेपटीला, मी तोंडाला, मध्ये सगळा कळप. तेव्हा गायचो. तू दिसायची नाहीस, पण आहेस हे माहीत असायचं. बरं वाटायचं मला. खूप बरं वाटायचं.

गारेन: आणि मला वाटायचं, तुला पुढे जायचा मान हवाय, म्हणून मला मागे ठेवतोस.

इसात: मान कसला? पुढे वारा असतो नुसता.

गारेन: मी रागावले आहे. कळलं ना? फार रागावले आहे.

इसात: कळलं.

गारेन: आणि डोळ्यांत जे आलंय ते बर्फाच्या झळाळीमुळे.

योव्ना: हो, आज झळाळी फार आहे. माझ्यासुद्धा डोळ्यांना... बरं, वहिनी, एक सुचवू का? काम सोपं झालं की! दादा तुम्हाला योइक शिकवेल, तुम्ही पुढे गात जा, गब्बा येईल मागे.

गारेन: मी? माझं योइक मी गाऊ? अक्कल आहे का तुला? कुणी गातं का स्वतःचं? माहतेच्या बायकोला नुसतं कळू दे, संध्याकाळपर्यंत पठारभर होईल, गारेन स्वतःचीच पाठ थोपटत कळपापुढे गेली म्हणून.

योव्ना: मग फोनमध्ये भरून घ्या. दादानं गायचं, तुम्ही वाजवायचं.

गारेन: थंडीत फोन पहिल्या टेकडीला मरतो. आणि मला खिशातला नवरा नकोय.

इसात: मग काय करायचं?

गारेन: तू यायचं.

इसात: मी गाडीवर बसायचं नाही, डॉक्टरीण म्हणालीय.

गारेन: गाडीवर नाही. मागे स्लेज जोडू. त्यात कातडी अंथरू, तुला गुंडाळू, पाय लांब करून बस.

इसात: मी? स्लेजमध्ये? कळपाच्या पुढे? ज्यातून दूधपिती पोरं आणि किटल्या जातात त्यात?

गारेन: किटलीसुद्धा ठेवीन मांडीवर.

इसात: बायको चालवतेय आणि मी मागे गुंडाळून बसलोय. माहते हसून हसून बर्फात लोळेल.

गारेन: लोळू दे. हे बघ इसात, इतकी वर्षं तू लाजलास, त्याची भरपाई मी केली, बहिणींची बोलणी खाऊन. आता माझी पाळी आहे पुढे जायची आणि तुझ्याशिवाय तो पांढरा दगड हलणार नाही. येतोस की नाही? नाही म्हणालास तर मी आज संध्याकाळी स्वतः माहतेला सांगते, जा बाबा पुढे. आणि मग तो बसलेला गब्बा तोही बघेल, नदीही बघेल.

इसात: डॉक्टरीण गाडीबद्दल बोलली होती. स्लेजबद्दल काही म्हणाली नाही.

गारेन: म्हणजे?

इसात: म्हणजे येतो.

योव्ना: शाबास! पण थांबा, थांबा. स्लेज जोडायची म्हणजे ओझं वाढलं. आणि दादा काही किटलीएवढा नाही. म्हणजे पुन्हा क्लच!

गारेन: पुन्हा?

योव्ना: या गाडीचं झाकण मी आता डोळे मिटून उघडतो. ऐका. पुढच्या पुलीत जुनीच मऊ स्प्रिंग राहू दे, म्हणजे बेल्ट हळूच धरला जाईल, इंजिन वर न चढता. जुनी जड वजनं, तीही राहू देत, ती इंजिनाला खालीच ठेवतात. दादाचा गळा वाचला. आता गंमत मागच्या पुलीत. तिथली स्प्रिंग पीळ देऊन एक भोक पुढे अडकवतो. म्हणजे काय होईल, तुम्ही एकदम अंगठा दाबलात की मागची पुली पटकन मिटेल, गाडी लगेच खालच्या जोरावर येईल आणि ओढेल, स्लेजसकट. काळी पळू दे नाहीतर गोरी, तुम्ही तिच्या पुढे.

गारेन: हे आधी का नाही केलंस?

योव्ना: आधी कुणी मला सांगितलं होतं, की गाडीत गाणं बसवायचंय?

इसात: हळू बोल.

योव्ना: ही आणली गाडी आत. धरा, वहिनी, हा पाना धरा. मी पीळ देतो. दाबून धरा, सुटली तर दात पाडेल. हं... अजून... अडकली! दादा, बोट काढ तिथून, आणि त्या बोटाला चरबी लागलेली नाही ना?

इसात: नाही रे बाबा.

गारेन: संध्याकाळी घरांना कोण सांगणार?

इसात: मी सांगतो. म्हणतो, यंदा गारेन पुढे जाईल, गब्बा तिच्या मागे येतो, मी बघितलंय.

गारेन: अजून कुठे बघितलंयस?

इसात: म्हणून तर आता चल, म्हणजे खोटं बोलायला नको. आणि माहतेला म्हणतो, टोपी झकास आहे, शेपटीलाही शोभेल.

योव्ना: झालं! स्लेज अडकवली. दादा, बस. हळू. गुडघा इकडे. हे कातडं पाठीला घे.

इसात: हे तुझ्या कुत्र्याचं आहे ना?

योव्ना: वास येतोय?

इसात: येतोय.

योव्ना: मग त्याचंच. निघा वहिनी. अगदी हळूच दाबा. वा! बघा, सरकली, कळलं तरी का? धक्का नाही, किंचाळणं नाही. मी चालत येतो बाजूनं.

इसात: तू आत जा.

योव्ना: तळं सगळ्या गावाचं आहे.

इसात: गारेन, त्याला आत जायला सांग.

गारेन: त्याला क्लच बघायचाय, बघू दे. गब्बा तिथे बसलाय. मी त्याच्या जवळून जाते, चालीनं. तू सुरू कर.

इसात: घसा बसलाय.

गारेन: इतकी वर्षं साफ करतोयस ना?

इसात: लो... लो-लो... नाही, हे फार वर लागलं.

गारेन: पुन्हा लाव. मला घाई नाही.

इसात: लो-लो ला... लो-ला, लो-लो ला...

गारेन: हे काय, वर वर जातं आणि धपकन खाली येतं, ते काय आहे?

इसात: ते तू चिडतेस.

गारेन: किती वेळा येतं ते!

इसात: तू चिडतेस तितक्या वेळा.

गारेन: आणि मध्येच थांबतं, ते? विसरलास?

इसात: नाही. तिथे तू थांबतेस. मी तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुंपणापाशी वासरू हातात धरून उभी होतीस आणि कुणाकडे तरी बघत होतीस. माझ्याकडे नाही. पण मला तसंच बांधायचं होतं. नाव शेवटी येतं. एकदाच.

गारेन: गा.

इसात: लो-ला, लो-लो ला... लो-लो ला, ला...

योव्ना: वहिनी! वहिनी, गब्बा उठला! येतोय! मान खाली घालून थेट स्लेजच्या मागे येतोय, बघा! वासराला आईनं हाक मारावी तसा येतोय! आता दाबा जरा, एकदाच दाबून बघा, मागची पुली कशी पकडते ते!

गारेन: थांब रे जरा. अजून माझं नाव यायचंय.